बेसमेंटमधली खोली

फोन स्पीकरवर टाकू नकोस गं, कानाशी धर. महिना झाला तुझा आवाज नाही, ही काय रीत झाली?

आमच्या इथल्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या शेजाऱ्याचं सांगते. चर्चमध्येही माझ्याच बाकावर बसतो. बोलणं असं, की प्रत्येक वाक्य "नाही, म्हणजे..." असं सुरू करायचं आणि शेवटी हो म्हणायचं. कुणी एअरपोर्टला सोड म्हणो, कुणी बर्फ काढायला बोलावो, याचं हो!

आपापला वधस्तंभ उचला, म्हणजे दुसऱ्यासाठी झीज सोसा, असं पास्टर सांगतात तेव्हा आम्ही माना डोलावतो आणि कॉफीकडे वळतो. यानं मात्र तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाला घरी आणलं. बेसमेंटमध्ये होम थिएटर करणार होता, तिथे त्याला खोली करून दिली.

त्याचा एक मित्र म्हणाला, "यार, डोनेशन दे ना. घरात कशाला?"

"नाही, म्हणजे, त्याला घरच नाहीये ना."

मग शेजारच्या आयांनी मुलींना याच्या घरी खेळायला पाठवणं बंद केलं. त्यांना तरी काय बोलणार? याच्या शाळकरी लेकीच्या वाढदिवसाला कुणी यायला तयार होईना. ती रडत म्हणाली, "जस्ट वन डे, डॅड! त्याला मोटेलमध्ये ठेव."

यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "नाही," म्हणाला. या वेळी पुढे "म्हणजे" नव्हतं. पोर किती दिवस बापाशी बोलली नाही.

बरोबर केलं की चूक, मला नाही सांगता येत. या रविवारी त्यानं मला जेवायला बोलावलंय. तो माणूसही टेबलावर असणार. एकटीनं जायला माझं मन धजत नाही. तू ये गं लवकर, दोघी मिळून जाऊ.