तांब्याचे टाके

सखाराम मिस्त्री आमच्या भोरच्या भातगिरणीत आले की आधी कोणाशी बोलत नसत. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं बिडाचं झाकण, उतरवायचं, घासलेटात भिजवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तिथून घासलेट पाझरे आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटे. "बोलला बगा," एवढं म्हणून मग चहा मागत.

मिस्त्री मूळचे वेल्ह्याकडचे. लढाईचे दिवस, नव्या हेडासाठी मुंबईला लिहा आणि बसा वाट बघत. नसरापूरचे मिस्त्री सरळ "भंगारात टाका" म्हणत. सखाराम मिस्त्री तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडत, म्हणजे तो पुढे पळत नसे. मग मधल्या रेघेवर शेजारीशेजारी भोकं, त्यांत आटे, आट्यांत तांब्याच्या खुंट्या, आणि वरून हातोडी. "टाकून द्याया अक्कल लागत न्हाई, मालक," असं म्हणत. माझ्या इंजिनाला असे सतरा टाके आहेत, हे मी बाजारात मिरवून सांगत असे. काय मिरवत होतो कोण जाणे.

चौथ्या खेपेला त्यांनी चहा मागितलाच नाही.

"मालक, ह्यो तडा शिवायचा न्हाई. दोनी व्हॉल्वांच्या मदी गेलाय. नवं आणा."

ऐन सुगी होती. अंगणात भाताची थप्पी लागलेली, माणसं बैलगाड्या सोडून बसलेली. आठ दिवस गिरणी बंद म्हणजे गिऱ्हाईक तुटलंच, असं माझ्या डोक्यात बसलेलं. मी म्हणालो, "टाकून द्यायला अक्कल लागत नाही, तुम्हीच म्हणता ना मिस्त्री?"

त्यांनी पिशवीतून हातोडी काढली. मग खाली बसले आणि दोन दिवस शिवत राहिले.

नऊ दिवस इंजिन चाललं. दहाव्या दिवशी सकाळी टाके बघायला आलेल्या मिस्त्रींनी इंजिन चालू करायला हँडल मारलं. इंजिन गार ठेवणारं पाणी तांब्याच्या टाक्यांमधून रात्रभर झिरपून सिलिंडरात साठलं होतं. इंजिन जागच्या जागी अडलं आणि हँडल उलटं आलं. दवाखान्यात उजव्या हाताला फळ्या बांधल्या. हात वाचला, पण मूठ वळेना.

मी भेटायला गेलो.  खाटेशेजारी बसलो.

"चुकी माजीच," तेच म्हणाले. "न्हाई म्हनल्यावर न्हाईच म्हनायचं व्हतं म्या."

पुतण्या त्यांना वेल्ह्याला घेऊन गेला. ते पुन्हा भोरला आले नाहीत. मीही गेलो नाही. का गेलो नाही, ते आजही मला सांगता येत नाही.

अपघातानंतर मी मुंबईला लिहिलं, आणि नवं हेड अठराव्या दिवशी आलं. नसरापूरच्या मिस्त्रीनं अर्ध्या दिवसात बसवलं. इंजिन सुरू झालं तसा मी अंगणात आलो. पोती होती तिथंच होती. एकही गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं नव्हतं. पहिल्या गाडीवाल्यानं पोतं खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "तवाच हेड मागवलं असतं तरी आमी थांबलोच असतो की, मालक. आमास्नी कुटं घाई व्हती?"