बारा, कोरं, अठरा

परीक्षेचं पर्यवेक्षण करत होते, तेव्हा शैलाच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा फोन आला. "ताई, शैला गेली..." एवढंच बोलले. समोर मुली पेपर लिहीत होत्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

शैला आमच्या धारूरच्या कॉलेजात गणित शिकवायची, मी इतिहास. बालाघाटाच्या कडेला असलेल्या एका गावातल्या विहिरींचं पाणी ती दर पंधरवड्याला मोजायची. काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहायचं आणि कॉम्प्युटरवर सरासरी काढायची. त्यासाठी ती आकडेमोडीची एक मोफत लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, वापरायची. जगभरची माणसं मिळून ती लिहितात, दुरुस्त करतात, असं तिनंच मला सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं गावाला सांगितलं, पाणी वर आहे, उन्हाळी भुईमूग निघेल. तिघांनी पेरलाही. मग एका दुपारी स्टाफरूममध्ये ती वही उघडून बसली आणि पांढरीफटक पडली. ज्या दिवशी विहीर मोजता आली नाही, तिथं वहीत जागा कोरी होती. कॉम्प्युटरनं मात्र तिथं शून्य धरलं होतं. शून्य फुटांवर पाणी, म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली! चूक लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत होती.

दुसऱ्याच दिवशी ती गावात गेली, मला सोबत घेऊन. पारावर उभी राहून म्हणाली, "मी चुकीचं सांगितलं. कोऱ्या जागी मशीननं शून्य धरलं होतं. पाणी तेवढं नाही." पेरणी केलेल्यांत शेरडं राखणारी रखमाबाई होती. ती म्हणाली, "मशीन चुकलं म्हणता, मग तुमी कावून रडता?"

"सांगितलं तर मीच ना, रखमाबाई."

मग आठवडाभर ती त्यांच्या रानात जात राहिली. आहे त्या पाण्यात रानाचा किती पट्टा भिजेल ते काढून दिलं. अर्धा भुईमूग हाती आला, अर्धा जळाला. रखमाबाईनं तिला एका शब्दानंही बोल लावला नाही. तेच शैलाला जास्त लागलं.

त्यानंतर ती त्या लायब्ररीच्या मागे लागली. प्रोग्रामच्या हजारो ओळींत चुकीची ओळ शोधली, दुरुस्ती लिहून पाठवली. तिकडून उत्तर आलं, चूक दिसेल असं लहानात लहान उदाहरण द्या. तोवर तिचा आजार निघाला होता. बीडच्या दवाखान्यात हाताला सलाईन असताना तिनं मला सांगितलं, "लिही गं. बारा, कोरं, अठरा. सरासरी पंधरा यायला हवी, येते दहा." मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तेवढं कळलं. मी टाईप केलं, तिनं दोनदा तपासलं आणि पाठवलं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मधुकररावांनी मला घरी बोलावलं. लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती. नवीन काही नाही, नुसत्या दुरुस्त्या. त्या लांबलचक यादीत मधेच एक ओळ होती: कोऱ्या नोंदी शून्य धरल्या जात होत्या, ते दुरुस्त केलं. मधुकररावांनी ती मोठ्यानं वाचली... मग पुन्हा वाचली.

विहिरींची वही आता माझ्याकडे आहे. मोजमाप गावातली माणसंच फोनवर सांगतात. परवा रखमाबाईचा फोन आला.

"मॅडम, आग्यामोहळ उठलंय इहिरीवर. जवळ जाता आलं न्हाई. कोरंच ठेवा, शून्य मांडू नका बरं."