हिंदमाताच्या दुकानात माझा तळहात

माझ्या तळहातांना बारमाही घाम येतो. लोक माझ्याशी शेकहँड करतात आणि हळूच पँटला हात पुसतात. आईला मात्र याचं कधीच वाईट वाटलं नाही. हिंदमाताला सुती साडी घ्यायला जाताना ती मला न्यायचीच. दुकानदार "रंग जाणार नाही, ताई, गॅरंटी" म्हणाला, की ती माझा ओला हात धरून नव्या साडीच्या पदरावर दाबायची. साडीच्या रंगाने तळवा लाल झाला की दुकानदार ती घडी घालून दुसरी काढायचा. पुढे चाळीतल्या काकवाही मला खलबत्त्यासारखं मागून न्यायला लागल्या. मी चांगला नोकरी करणारा माणूस!

शेवटी वैतागून परळला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "हा अशक्तपणा नाही की उष्णता नाही. नसा घामाच्या ग्रंथींना उगाच कामाला लावतात. हात पाण्यात ठेवून सौम्य करंट देऊ. काही आठवडे यावं लागेल, पुढेही अधूनमधून."

हात खरंच कोरडे झाले. मी आनंदाने आईच्या गालाला हात लावला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"दिवाळीची खरेदी उरकून तरी जायचं होतंस रे मेल्या!"