ओट्यातला खांब

दिव्यांचे खांब उभे करणं आणि उतरवणं, लहानू मेश्रामने तीस वर्षं एवढंच केलं आणि तेवढ्या काळात शिकलेल्या माणसांबद्दलचं त्याचं मत दरवर्षी खाली घसरत गेलं. विजय नगरच्या बाजारसंघाचे सचिव हेमचंद्र यांनी ते पार तळाला नेलं. खांबांची बुडं त्यांना कुरूप दिसत. म्हणून पार्किंगमधल्या बाराही खांबांभोवती त्यांनी सिमेंटचे ओटे बांधवले आणि वर भेडाघाटच्या संगमरवरात देणगीदारांची नावं कोरली. नटबोल्ट आत गाडले गेले. पावसाचं पाणी आत शिरायचं, बाहेर पडायला वाट नव्हती. दिवाळीला वरून चंदेरी रंग मात्र न चुकता. लोक ओट्यावर बसून चहा प्यायचे.

नव्या फाटकाच्या वाटेत एक खांब आला. सकाळी अकराला फाटकाचं उद्घाटन, आणि क्रेनचा पत्ता नाही. लहानूने लाइन बंद केली, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला. ‘बंद आहे’ म्हणणाऱ्या कोणावरही त्याचा विश्वास नव्हता.

“क्रेन कशाला हवी? नट ढिले कर, दोर बांध, चार जण धरतील,” हेमचंद्र म्हणाले.

“वरून क्रेनचा पट्टा लागल्याबिगर नटाले हात नाही लावत मी.”

“अरे भैया, बीस साल से खड़ा है.”

“म्हाताराही पडेपर्यंत उभाच असते, साहेब.”

“मग बाराही खांबांच्या देखभालीचं काम त्या दुसऱ्या मिस्त्रीला, चिंतामणीला देतो.”

“द्या. आधी त्याच्या बायकोले विचारून घ्या.”

बारा खांबांचं काम म्हणजे लहानूची अख्ख्या उन्हाळ्याची कमाई होती. तरी त्याने चहा पिणाऱ्यांना उठवलं आणि बोल्ट पाहायला ओट्याचा कोपरा फोडला.

“काहून फोडून राहिला? भय्यासाहेबांचं नाव आहे त्यावर, सगळ्यात मोठी देणगी त्यांची,” हेमचंद्र ओरडले.

लहानूने आत बोट घातलं. गंजलेले तीन बोल्ट भुग्यासारखे चुरले. चौथा होता, नावापुरता. खांब ओट्याच्या भरवशावर उभा होता आणि ओटा त्यानेच आता फोडला होता. तो हळूच उठला आणि त्याने सगळ्यांना खांबाच्या उंचीच्या दीडपट लांब हाकललं. हेमचंद्र उलटे खांबाकडे निघाले. त्यांची स्कूटर तिथे होती. लहानूने त्यांची कॉलर धरली.

“गाडी नवी आहे रे.”

“तुम्ही तर जुने आहात ना.”

पाहुणे उन्हात ताटकळले. पाऊण तास उशिरा क्रेन आली. लहानूने लांब बांबूने पट्टा खांबाच्या मध्यावर सरकवला, क्रेनने ताण घेतला. खांब पाना न लावताच उपटून वर आला.

“सुरक्षेसाठी आम्ही मुद्दाम थांबलो होतो,” हेमचंद्र पाहुण्यांना सांगत होते. लहानू बाजूला थुंकला. पाहुणे गेल्यावर हेमचंद्र जवळ आले. आवाज खाली आला होता.

“उरलेले अकरा तूच पाहशील ना?”

“पाहीन. पण ओटे फुटतील. पाट्यांसकट.”

“मी देणगीदारांना काय सांगू?”

“जिवंत आहात म्हणून सांगा.”