एका फॉन्टसाठी अख्खी कणगी

आमच्या किन्हवलीच्या घरात एक जुना संगणक होता आणि त्याची मेमरी चौसष्ट एमबी होती. माझ्या आत्मविश्वासाची मोजणी कोणी केली नव्हती.

त्या दिवशी माझ्या पत्नीला, सुनंदाला, अंगणवाडी सेविकेचा अर्ज पाचच्या आत शहापूरला द्यायचा होता. शेवटचा दिवस. अडीचची एसटी चुकली की नोकरी गेली! जाहिरातीचं कात्रण मीच आणलं होतं. (मी वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो, घरातलं वाचनाचं खातं माझ्याकडे.)

"हातानं लिवते ना," ती म्हणाली.

"घरात संगणक असताना? छापील अर्जाचं वजन वेगळं!"

संगणक लिनक्स या प्रणालीवर चालायचा, पण त्यात मराठी फॉन्ट नव्हता. बारा वाजून दहा मिनिटांनी मी मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी घातली आणि पॅकेज मॅनेजरला, म्हणजे सॉफ्टवेअर शोधून बसवणाऱ्या मुकादमाला, हुकूम सोडला. एक फॉन्ट बसव. फक्त एक!

एक वाजला. डिस्क करकरत होती, पडदा ढिम्म. बाबा शेतावरून जेवायला आले.

"काय करतो रं तो?"

"यादी वाचतोय. सीडीवरच्या सगळ्या सॉफ्टवेअरची."

"तुला पायजे किती?"

"एक."

"मंग सगळी कशाला वाचतो?"

"त्याची पद्धतच तशी आहे. आधी सगळी यादी मेमरीत घ्यायची, मग हवं ते काढायचं."

"म्हंजे पायलीभर तांदूळ काढाया अख्खी कणगी अंगनात वतायची? आन् अंगन यवढुसं!"

"मावत नाही ते डिस्कवर ठेवतो. लागलं की परत आणतो."

"आरं, मंग आपलं धान शेजाऱ्याच्या वट्यावर नेतो न् परत आनतो! सांज व्हईल त्याला!"

इतकं अचूक निदान मला त्यानंतर कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. पण बाबा निदानावर थांबणारे नव्हते. चढावर बैल अडला की गाडीतला भार उतरवायचा, हा त्यांचा नियम. त्यांनी संगणकाचा भार उतरवायला घेतला. आधी प्लॅस्टिकचं कव्हर, मग सूप, मग लोणच्याची बरणी. (आमच्याकडे सपाट जागा रिकामी ठेवत नसत.) शेवटी मॉनिटरवरचं पातेलं.

"अवो, त्याला हात लावू नका!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. मॉनिटरची ऊब बरी म्हणून ती विरजण तिथंच लावायची.

पातेलं कललं. दही कीबोर्डवर!

"बंद कर गो ते!" बाबा सुनंदाला म्हणाले.

"बंद करू नका! अर्धवट बसलंय!" मी किंचाळलो.

"दोन वाजले," सुनंदा शांतपणे म्हणाली. "कात्रण द्या इकडं."

तिने ते वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं आणि उंबऱ्यावर बसून पंधरा मिनिटांत हातानेच अर्ज लिहिला. एसटी मिळाली. पुढे नोकरीही मिळाली.

सव्वातीनला फॉन्ट बसला. अक्षरं सुंदर होती. ती उमटवायला कीबोर्ड नव्हता.

मी दही पुसत कात्रण उचललं. जाहिरात चार ओळींची होती. चौथी ओळ: 'अर्ज उमेदवाराने स्वहस्ताक्षरातच लिहावा.'

संगणकाची मेमरी अपुरी होती, हे खरं. पण त्या बिचाऱ्याने एका फॉन्टसाठी हजारो नावांची यादी शेवटपर्यंत वाचली. वाचनाचं खातं सांभाळणारा मी तिसऱ्या ओळीलाच उठलो होतो!