रिकाम्या टाकीचं वजन

दुपारी जेवून मी पडवीतल्या खाटेवर आडवी होते. डोळे मिटतायत, पण मन उद्याच्या बुडीवर आहे. पाठीवर हवेची जोडटाकी घेऊन पहिल्यांदाच पर्यटक पाहुण्यांना बाहेरच्या खोल खडकावर न्यायचंय. समुद्राचा आवाज जवळ जवळ येतो, पडवीच्या पायरीला लागतो, आणि स्वयंपाकघरात ओट्याशी वैजूताई चहा गाळत असते.

वैजूताई माझी थोरली बहीण. मला पाण्यात उतरायला तिनंच शिकवलं. गेल्या वर्षी ती आजारानं गेली. हे मला स्वप्नातही ठाऊक आहे, तिलाही असावं. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मी तिला माझी अडचण सांगते. सरावात हवा संपत आली की टाकी हलकी होते आणि मी वर ओढली जाते. म्हणून कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजनं वाढवत गेले. आता उतरताना धोंड्यासारखी बुडते. सावरायला बुडीच्या जॅकेटात हवा भरावी, तर वर येताना तीच फुगते नि मला वर भिरकावते.

ती हसते. फरशीवर पाणी चढतंय. कप तरंगतायत. मग ओटा नाही, स्वयंपाकघर नाही. आम्ही दोघी तळाच्या वाळूवर गुडघे टेकून बसलोय, तरी तिचं बोलणं स्वच्छ ऐकू येतंय.

"भियान वाढवलंस. मापून नाय," ती म्हणते. "टाकी रिकामी होयत येवंदे, मगे उथळ पाण्यात थांबान बघ. जितक्या शिशान थांबाक गावता, तितक्याच तुझा."

"आणि सुरवातीक जड झालंय तर?"

"तेका जॅकेटातली हवा आसा. थोडी."

बोलता बोलता ती माझ्या पट्ट्यातली वजनं एकेक काढून वाळूवर ठेवते. मी श्वास घेते, जराशी वर जाते. सोडते, खाली येते. तिथंच राहते. ती माझ्याकडे बघतेय, मी पहिल्यांदा पोहले तेव्हा बघत होती तशी.

"तू येतलंस ना वर?" मी विचारते.

"माका आता वजन लागणा नाय गो," ती मायेनं म्हणते.

जाग येते. ऊन कलतंय. मी होडीवाल्याला फोन करून सांगते, उद्या आधी उथळ पाण्यात, रिकामी होत आलेल्या टाकीवर वजन बघणार, मगच पाहुणे.

चहा घेऊन आलेली आई थबकते. आज पाण्यात कधी गेलीस, विचारते. मी गेलेच नाही म्हणून सांगते. ती माझ्या कपाळावरून, गालांवरून बोट फिरवते. बुडीच्या मास्कचा वळ आहे, ताजा, लालबुंद.