नावाडिणीची परतीची फेरी

माझी वहिनी मिनल उमरेडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते बघायचं आणि माइकवरून जाहीर करायचं, हे तिचं काम. आवाज इतका खणखणीत, की बाकावर झोपलेला माणूस दचकून उठतो आणि आपली गाडी सोडून दुसऱ्याच गाडीकडे धावतो. घरी मात्र ती फार बोलत नाही. माझा भाऊ संघपाल म्हणतो, हिचं सगळं बोलणं स्टँडवरच संपतं. हा विनोद तो कायम करतो आणि कायम एकटाच हसतो.

या मिनलला राजे, राक्षस आणि बोलणाऱ्या झाडांच्या कादंबऱ्यांचं वेड. नागपूरहून उमरेडला जाता-येता ती एसटीत वाचते. मागच्या वर्षी ‘सात घाटांचं राज्य’ नावाची जाडजूड कादंबरी तिच्या हाती लागली आणि तिनं आम्हा सगळ्यांना ती वाचायला लावूनच दम घेतला. गोष्ट अशी की एका राज्यातली नदी आटत चाललेली असते, कारण ‘तहान’ नावाचं एक जनावर तिच्या पात्रात कुठेतरी दडून बसलेलं असतं. धैर्यकेतू नावाचा राजपुत्र सात घाट ओलांडतो, सातव्या घाटावर दिवा लावतो आणि नदी पुन्हा वाहू लागते. मला हा धैर्यकेतू अजिबात आवडला नाही. सगळे याची सेवा करतात आणि हा एकाचंही नाव विचारत नाही.

त्याच सुमारास नागपूरच्या धरमपेठेत रोहित नावाच्या एका माणसानं खेळघर उघडलं. तिथे टेबलाभोवती बसून गोष्टी खेळतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. पात्रानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा; मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. तिथली सगळी टेबलं इंग्रजी. मिनलनं रोहितला सरळ जाऊन विचारलं, “मराठीत चालवू का?” तो म्हणाला, “चालवा, एक शनिवार बघू.”

“वहिनी, तुले काहून एवढी हौस आली वं?” मी तिला विचारलं.

ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “रोशनी, मी दिवसभर माइकवर बोलतो. पण त्यातलं एक वाक्य माह्यं नसते. मले एकदा माह्या मनचं बोलाचं हाय, अन् लोकायनं ते बसून आयकाचं हाय.”

मी खेळायला तयार झाले. सोबत विक्की, इतवारीत भांड्यांच्या दुकानात काम करणारा. त्याला ही कादंबरी तोंडपाठ. तिसरे शालिकराम काका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, ज्यांना खेळापेक्षा तिथल्या कूलरची हवा जास्त पसंत होती.

पहिल्या शनिवारी आमची पार फजिती झाली. मिनलनं अख्खी कादंबरी वेळापत्रकासारखी बसवली होती. बारा वाजता पहिला घाट, साडेबाराला दुसरा, एकला दरोडेखोर. आम्ही राजपुत्र आणि त्याचे सोबती. प्रत्येक वळणावर विक्की आधीच सांगायचा, “उजवं दार उघडा, डाव्यात साप हाय.” तो चुकत नव्हता, हीच तर पंचाईत होती! काका म्हणाले, “मी या वडाखाली जराक पडतो.” मिनल पटकन म्हणाली, “काका, इथं थांबा नाही.”

काका चिडले. “सारी नोकरी हेच आयकलं ना पोरी! इथं तरी थांबू दे.”

पण मिनलनं थांबू दिलं नाही. तासाभरात विक्की मोबाइलमध्ये शिरला, काका खुर्चीतच घोरायला लागले, आणि दिवा लावताना मी एकटीच जागी होते. दिवा लागला, पाणी आलं, कुणालाच काही वाटलं नाही.

रोहित भला माणूस, पण दुकानदार. तो म्हणाला, “मॅडम, या टेबलासाठी दुसरा ग्रुप मागे लागला आहे. पुढच्या शनिवारी दुकान बंद होईपर्यंत तुमचा खेळ चालला आणि तिघंही टेबलावर राहिले, तर शनिवार तुमचा. नाहीतर मला त्यांना द्यावा लागेल.”

घरी येताना मला तिचा राग आला आणि कीवही आली, आणि जास्त राग त्या धैर्यकेतूचा आला.

मधल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात कादंबरीवरून रोज वाद. मी म्हणायची, राजपुत्राला काढून टाक. विक्की संध्याकाळी यायचा, दारातून “जय भीम” करायचा आणि आत येताच हमरीतुमरीवर यायचा, “पुस्तकातली एक गोष्टही बदलाची नाई!” मिनल दोघांचं ऐकून घ्यायची आणि पोळ्या लाटत राहायची.

गुरुवारी ती कामावरून आली ती चपलाही न काढता सांगू लागली. तिकडे एक गाडी बंद पडली होती, प्रवासी खवळले होते. “बंद पडली का टाइमटेबल बाजूले ठेवा लागते रोशनी. मी खिडकी सोडून बाहेर गेली अन् एकेकाले इचारलं, तुमाले जाचं कुठं हाय? कोणी कुहीचा, कोणी भिवापूरचा. इचारलं तवा मार्ग निघाला.” मग एकदम थांबून म्हणाली, “अन् मले सांग, तिसऱ्या घाटावर ते नावाडीण राजपुत्राले उतरवते. पुस्तकात एकच ओळ हाय, ‘नावाडीण परत फिरली.’ तिच्या परतीच्या फेरीचं काय झालं?”

एसटीतल्या बाईलाच हा प्रश्न पडू शकतो. गेलेली प्रत्येक गाडी परत यायची असते, हे तिच्या अंगात भिनलेलं आहे. आम्ही एवढी पारायणं केली, पण कोणाच्याच मनात ती नाव परत निघाली नव्हती.

दुसऱ्या शनिवारी मिनलनं सोबत काहीच आणलं नव्हतं, नुसते फासे. ती सुरुवातीलाच म्हणाली, “राजपुत्र उतरून गेला. त्याले जाऊ द्या. नाव रिकामी हाय. कोणाले कुठं जाचं हाय, बोला.”

मी नावाडीण झाले. विक्की झाला राजपुत्राचा मागे राहिलेला नोकर, काका झाले गावाकडे निघालेले एक म्हातारबाबा. नाव पाण्यात घातली आणि अर्ध्या पात्रातच पाणी संपलं. नाव रेतीत रुतली. विक्कीनं सवयीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे पुस्तकात नव्हतंच.

“मी रेतीवर पडतो,” काका म्हणाले आणि मिनलकडे रोखून बघू लागले.

“पडा काका,” मिनल म्हणाली. “कोणत्या कानावर पडता?”

काका खुलले. “उजव्या!”

मिनलनं आवाज खाली आणला. स्टँडवरचा आवाज खाली आला की कसा होतो ते मी प्रथमच ऐकलं. “रेतीखालून श्वास येऊन राहिला काका. थंड. अन् त्याच्याही खाली पाणी खळखळून राहिलं.”

आम्ही खणलं. मोठा आकडा कधी पडला, कधी पडला नाही. पडला नाही तेव्हा खेळ थांबायच्या ऐवजी आणखी रंगत गेला. शेवटी रेतीतून एक डोळा उघडला. तहान! नदीच्या झऱ्यावरच ठाण मांडून बसलेली.

विक्की खुर्चीतून उठला. “ताई, हिले घालवतो तं राजपुत्र! दिवा लावून!”

“तो तिकडं सातव्या घाटावर दिव्यात तेल घालून राहिला,” मिनल म्हणाली. “इथं तू हायेस. तू काय करतो?”

बिचाऱ्याला कुठलंच पान आठवेना. त्यानं राजपुत्राची सांभाळून ठेवलेली तलवार उपसली आणि फासा टाकला. दोन. तलवार रेतीत गेली ती गेलीच. तहान तोंड उघडून आमच्याकडे वळली. मला खरोखर घाम फुटला, कूलर समोर असताना.

मी म्हणाले, “मी तिले मारत नाई. मी नावाडीण हावो. मी तिले इचारतो, तुले कुठं जाचं हाय?”

मिनल माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं फासा माझ्या हातात दिला. मी टाकला. सतरा.

मिनल म्हणाली, “एवढ्या वर्सात तिले हे कोणीच इचारलं नव्हतं. ते म्हनते, पलीकडं. माह्या घरी. अन् ते नावेत चढाले उठते. ते उठली, तसा तिच्याखालचा झरा मोकळा झाला. नाव हालली. चारीकडून पाणी. अन् तिकडं दूर, सातव्या घाटावर, धैर्यकेतूनं बरोबर त्याच वक्ताले दिवा लावला.”

विक्कीनं टेबलावर अशी थाप मारली की फासे उडाले. “म्हंजे पुस्तकातलं सारं खरंच हाय! दिवा लागला, पाणी आलं! पण आणलं कोणं ते त्या राजपुत्रालेच मालूम नाई! ताई, एक अक्षर नाई बदललं तुनं!”

शेजारच्या टेबलावरची पोरं केव्हाची आपला खेळ सोडून आमच्याकडे तोंड करून बसली होती. ती टाळ्या पिटायला लागली. काका उभे राहून नाचायचेच बाकी होते. मी वहिनीला मिठी मारली आणि रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

रोहित दुकान बंद करायला म्हणून आला होता आणि किल्ल्या हातात धरून तसाच ऐकत राहिला होता. त्यानं शटर वर राहू दिलं. भिंतीवरच्या फळ्याकडे गेला, शनिवारच्या रकान्यात आधीच लिहून ठेवलेलं त्या दुसऱ्या ग्रुपचं नाव पुसलं आणि खडू पुढे करत विचारलं, “मॅडम, काय लिहायचं?”

मिनलनं खडू घेतला नाही. ती ताठ बसली, घसा साफ केला आणि स्टँडवरच्या त्या खणखणीत आवाजात, साऱ्या खेळघराला ऐकू जाईल असं म्हणाली, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तिसऱ्या घाटावरून परत फिरलेली नाव भरून आलेली आहे.”